लिवनार कोन?

"काय वो, रात्री दोनले तुह्या घरी लाइट कायचा होता?" काकूंनी भिंतीपलीकडून विचारलंच. मुंगवड्यांवर कोळशाची धूळ बसू नये म्हणून त्या जुनं पातळ पसरत होत्या, पण लक्ष सगळं आमच्या खिडकीकडे.

"सुनेचं काम होतं, काकू. तिच्या कंपनीचा सर्व्हर बसला."

"मंग उठवाले मानूस नाई का कोनी?"

माणूस होता, तो नोकरी सोडून गेला. पण गुणी पोरगा. जाताना सारं विकीवर लिहून गेला. आता विकी म्हणजे काय, तर कंपनीच्या आतली साइट. टीममधल्या कोणीही पान उघडावं, चुकलं असेल तिथं दुरुस्त करावं. सर्व्हर कसा लावायचा, अमुक कोड असाच का लिहिला, गिऱ्हाइकाशी काय ठरलं, सगळं तिथं. सुनेनं पान काढलं, त्यात लिहिलं तसंच एकेक करत गेली. काही होईना. पहाटे कळलं, मशीन कधीचीच बदलली, पान जुन्याच मशीनचं! पान नसतंच, तर तिनं बाराच्या आतच कोणाला तरी फोन करून उठवलं असतं. पान होतं म्हणून रात्र गेली.

"विकी म्हंजे आमचा नातू शाळेचा प्रोजेक्ट उतरवते, तेच ना?"

"तो विकिपीडिया, काकू. विकी त्याच्या आधीची."

मलाही सुनेनंच सांगितलं. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं १९९५ मध्ये पहिली विकी केली, ती प्रोग्रामर लोकांसाठीच. आपापल्या कामाच्या रीती एकमेकांना लिहून दाखवता याव्यात म्हणून. विकिपीडिया आला २००१ मध्ये, अन् मराठीतला १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी.

"अन् कोनी बी लिवते? मंग एखाद्यानं खोडून टाकलं तं?"

"खोडलं तरी जात नाही. कोणी, कधी, काय बदललं ते 'इतिहास'मध्ये राहतं. जुनं पान परत आणता येतं."

काकूंनी पातळाच्या टोकावर वीट ठेवली. "खोडनाऱ्याचं भेव नाई वो. लिवनार कोन, ते सांग."

घ्या! सून रात्रभर जागून जिथं पोचली, तिथं काकू उन्हात उभ्याउभ्या पोचल्या. 'सगळ्यांनी लिहा' म्हटलं की जो तो समजतो, दुसरा लिहील.

"आमचे हे कोळशाच्या खानीत सरदार होते," काकू म्हणाल्या. "किती बी थकले तरी वर आल्यावर आधी रिपोर्टबुक. छत कुठं कच्चं हाय, हवा कशी हाय, सारं लिवून सही. मंगच घर. पुढच्या पाळीवाला आधी ते वाचे. तिथं कोनी म्हने का, उद्या लिवतो म्हनून?"

सुनेच्या टीमनं आता तसंच ठरवलंय. पान सुधारल्याशिवाय काम पुरं झालं असं धरायचंच नाही. कोड तपासणाऱ्यानं पानही तपासायचं. प्रत्येक पानाला एक धनी, अन् वरच शेवटची तपासल्याची तारीख. किती दिवस पाळतील देव जाणे. पहिल्या आठवड्यात सगळेच शहाणे असतात.

तेवढ्यात सून चहाचा कप घेऊन बाहेर आली, डोळे लाल. काकूंना तिनं मोबाइलवर लोकनायक बापूजी अण्यांचं विकिपीडियावरचं पान दाखवलं. १८८० मध्ये आपल्या वणीतच जन्मलेले.

"हे पान कोनी बी लिवू शकते म्हनतेस, तं माह्या सासऱ्यानं सांगतलेल्या गोष्टी टाक ना त्यात."

"नाही टाकता येत, काकू. विकिपीडियाला प्रसिद्ध झालेला पुरावा लागतो. पुस्तकात, पेपरात आलेलं असावं."

"अन् तुह्या कंपनीत?"

"तिथं उलटं. जे कुठंच छापलं नाही, फक्त कोणाच्या तरी डोक्यात आहे, तेच लिहायचं."

"म्हंजे माह्या डोस्क्यातलं विकिपीडियाले चालत नाई, पन कंपनीले पाह्यजे?"

"असंच काहीसं."

"मंग मले कंपनीतच लाव, पोरी. पगार काय देते तेवढं इचार."