पिवळ्या पिशवीतलं पुण्य

युरोपियन युनियनची आकडेवारी सांभाळणारं कार्यालय लक्झेंबर्गला आहे. तिथली मंडळी दरवर्षी एक तक्ता काढतात. कुठल्या देशातल्या माणसाने वर्षभरात वेष्टणांचा किती कचरा केला, याचा तो तक्ता. खोकी, बाटल्या, डबे, पिशव्या, माल लादायची लाकडी पॅलेटं, सगळं त्यात धरलेलं. २०२१ साली आयर्लंड पहिला आला, दरडोई २४६ किलो. क्रोएशिया शेवटी, ७४ किलो. आता क्रोएशियन माणूस साधा राहतो, की खरेदी कमी करतो, की तिथे मोजणाऱ्याचा काटा जरा सैल आहे, हे तक्त्यावरून उमगत नाही. जर्मनी आणि इटली मात्र आयर्लंडच्या पाठोपाठच उभे होते.

त्या वर्षी युनियनमधल्या सरासरी माणसाच्या नावावर १८८.७ किलो वेष्टण लागलं. दहा वर्षांपूर्वीपेक्षा जवळजवळ ३२ किलो जास्त. नवल वाटतं ते यासाठी, की कचऱ्याच्या बाबतीत इतकं कडक सोवळं जगात दुसरीकडे क्वचितच पाळलं जात असेल.

हे सोवळं मी फ्रँकफर्टजवळ भाचीच्या घरी पाहिलं. ओट्याखाली कागदाची पेटी, सालीदेठांची बादली, ‘उरलेल्या’ कचऱ्याचा डबा आणि वेष्टणांसाठी पातळ पिवळी पिशवी. काचेला घरात जागा नाही. ती कोपऱ्यावरच्या मोठ्या पिंपांत न्यायची, पांढरी, तपकिरी आणि हिरवी वेगवेगळी. निळी बाटली निघाली तर ती हिरव्यात. आणि रविवारी अजिबात नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो आणि तळमजल्यावरच्या आजी खिडकीत येतात.

पहिल्याच सकाळी दही संपवून मी कप पिशवीत टाकायला गेलो.

“मामा, थांब! तसाच नको टाकू.”

मग विधी झाला. कपाभोवती पुठ्ठ्याचं कडं होतं, ते फाडून कागदाच्या पेटीत. वरचं ॲल्युमिनियमचं झाकण एका कडेला चिकटून लोंबत होतं, ते पूर्ण ओढून वेगळं, नाहीतर छाननीचं यंत्र गोंधळतं. एक कप दुसऱ्यात बसवायचा नाही, त्यानेही ते गोंधळतं. एवढं झाल्यावर मी शहाणपणाने नळ सोडला, तर तोही तिने बंद केला. धुवायचा नाही, पाणी फुकट जातं. चमच्याने निपटून खाल्ला की तो स्वच्छ, असा तिथला नियमच आहे. पानात टाकायचं नाही हे मला आईने शिकवलं, यांना नगरपालिकेने.

ज्या यंत्राची एवढी मर्जी सांभाळायची, त्याचीही एक गंमत आहे. पट्ट्यावरून कचरा धावतो आणि त्याच्यावर अवरक्त प्रकाश पडतो. परतून येणाऱ्या प्रकाशावरून हे कुठलं प्लास्टिक ते ओळखून यंत्र हवेच्या फुंकरीने त्याला आपापल्या ढिगात उडवतं. पण काजळीने रंगवलेलं काळं प्लास्टिक आलं की ते प्रकाशच गिळून टाकतं. यंत्राला पट्ट्यावर काहीच दिसत नाही आणि तो तबकडीसारखा काळा ट्रे बहुधा भट्टीच्या वाटेला लागतो. घरी मात्र कुणीतरी त्याच्यावरचा पातळ पापुद्रा नखाने सोलत बसलेलं असतं.

या सगळ्याची सुरुवात १९९१ची. क्लाउस टोप्फर पर्यावरणमंत्री असताना जर्मनीने नियम केला, की ज्याने माल वेष्टणात घालून विकला त्यानेच त्या वेष्टणाची पुढची सोय पाहायची. कंपन्यांनी मिळून यंत्रणा उभारली, शुल्क भरलं आणि आपापल्या खोक्यांवर हिरव्या वर्तुळाचं, एकमेकांत गुंतलेल्या दोन बाणांचं चिन्ह छापलं. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच, की या कंपनीने पैसे भरले आहेत. लोकांनी मात्र ते वस्तूचं चांगल्या चालीचं प्रमाणपत्र समजून घेतलं. माझा संशय असा, की बाण गोल फिरताना दिसले की माणसाचं डोकं फिरायचं थांबतं.

आकडे तसे वाईट नाहीत. युनियनमधल्या वेष्टणांच्या कचऱ्यापैकी सुमारे दोन तृतीयांश रिसायकलिंगला जातो. पण तो मान कागद, पुठ्ठा, काच आणि लोखंडाचा. प्लास्टिकपाशी घोडं अडतं. २०२१मध्ये माणशी ३५.९ किलो प्लास्टिकचं वेष्टण निघालं, त्यातलं १४.२ किलो रिसायकल झालं. बाकीचं जाळलं, पुरलं. पूर्वी बरंचसं जहाजाने चीनला जायचं, आणि बंदरातून निघालं की ‘रिसायकल झालं’ म्हणून खात्यावर जमा व्हायचं. २०१८ साली चीनने दार लावून घेतलं तेव्हा युरोपला आपल्याच अंगणात पाहावं लागलं. पुढे २०२०च्या आकड्यांपासून मोजणीची जागाच बदलली. गोळा करून पाठवलं ते आता धरत नाहीत, रिसायकलिंगच्या प्रक्रियेत प्रत्यक्ष गेलं तेच धरतात. प्लास्टिकची टक्केवारी एका वर्षात खाली आली. एकाही माणसाची वागणूक बदलली नव्हती, फक्त पेपर तपासणारे मास्तर बदलले होते. शिवाय २०२१पासून रिसायकल न झालेल्या प्लास्टिक वेष्टणाच्या दर किलोमागे देशाने युनियनच्या तिजोरीत ८० सेंट भरायचे, म्हणजे आकडा चुकवण्याचा मोह होण्याची सोयही झाली.

मला वाटतं, खोट आहे ती त्या पिवळ्या पिशवीने मिळणाऱ्या समाधानात. पिशवीची गाठ मारून ती दारात ठेवली की मनावरचं ओझं उतरतं, आणि ओझं उतरलेला माणूस पुन्हा ऑर्डर द्यायला मोकळा होतो. त्यात जर्मनीतल्या दर दहा घरांपैकी चार घरांत एकच माणूस राहतो. त्याला दोनशे ग्रॅमची भाजी, एका वेळचं सूप, चार चकत्या चीज लागतं, आणि प्रत्येकाला आपापलं वेष्टण. महासाथीत सगळं जग दारात खोक्यांतून यायला लागलं. प्लास्टिकची लाज वाटू लागल्यावर लोक पुठ्ठ्याकडे वळले, पुठ्ठ्याची कुणालाच लाज वाटत नाही. वेष्टणांच्या कचऱ्यात वजनाने चाळीस टक्के वाटा कागद-पुठ्ठ्याचाच आहे.

बाटलीचा मामला याहून चोख, कारण तिथे पुण्याऐवजी रोख मिळते. किराणा दुकानात सोड्याच्या बाटलीचं डिपॉझिट ठेवलेली आमची पिढी हे चटकन समजू शकते. जर्मनीत २००३पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर अनामत लागते, सध्या २५ सेंट. सुपरमार्केटमधल्या यंत्राच्या गोल तोंडात बाटली आडवी सरकवायची. यंत्र ती गरगर फिरवून बारकोड वाचतं, गिळतं, आणि आतून कडकड असा चुरडल्याचा आवाज येतो. बाटली चेपलेली असली तर ते थुंकून बाहेर टाकतं, आणि मागची रांग तुमच्याकडे पाहू लागते. गंमत अशी, की चुरडली जाणारी बाटली २५ सेंटची, आणि धुऊन पुन्हा पुन्हा भरली जाणारी बाटली ८ किंवा १५ सेंटची. टाकाऊ बाटली महाग पडावी म्हणून हे केलेलं. ग्राहक मात्र २५ परत मिळाल्याच्या आनंदात तीच पुन्हा घेऊन येतो.

ज्यांना २५ सेंटही मोलाचे, ती माणसं स्टेशनवर दिसतात. स्वच्छ कोट घातलेले एक आजोबा टॉर्च मारून कचरापेटीत वाकून पाहत होते. त्यांना हात घालावा लागू नये म्हणून समजूतदार लोक रिकामी बाटली पेटीत न टाकता बाजूला उभी करून ठेवतात. युरोपच्या साऱ्या कचराशास्त्रात मला सर्वांत आवडलेली रीत हीच, आणि ती कुठल्याही कायद्यात नाही.

रोमानियाचं उदाहरण अधिक मजेचं. रिसायकलिंगच्या यादीत हा देश तळाला असायचा. २०२३च्या नोव्हेंबरअखेर त्यांनी प्रत्येक बाटलीवर अर्धा लेउ अनामत लावली, आणि पुढच्या वर्षभरात अब्जावधी बाटल्या नि कॅन परत आले. लोकशिक्षणाची व्याख्यानं आणि अर्धा लेउ यांत कोण जिंकलं ते सांगायला नको.

ब्रसेल्सही स्वस्थ बसलेलं नाही. जुलै २०२४पासून पेयांच्या प्लास्टिक बाटलीचं बूच बाटलीलाच जोडलेलं असतं. पिताना ते नाकाला टोचतं आणि प्रवासी आपापल्या भाषेत युनियनला आठवतात. फेब्रुवारी २०२५मध्ये वेष्टणांचा नवा कायदा अमलात आला. २०१८च्या तुलनेत दरडोई कचरा २०३०पर्यंत ५ टक्के आणि २०४०पर्यंत १५ टक्के कमी करायचा. पार्सलच्या खोक्यात निम्म्याहून जास्त हवा चालणार नाही. हॉटेलांतल्या शांपूच्या इवल्या बाटल्या २०३०पासून बंद. आपल्या ग्रुप टूरवाल्यांनी युरोपला जायचं ते त्याआधी उरकावं. तसा दरडोई आकडा २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी उतरला, १७८ किलोच्या आसपास आला. शहाणपणाने किती आणि महागाईने किती, हे तक्ता सांगत नाही.

तक्त्यात आणखी एक मौज दडलेली आहे. जितकी वेष्टणं बाजारात आली तितकाच त्या वर्षीचा कचरा, असं धरायची देशांना मुभा आहे. कोण कुणाच्या घरात जाऊन मोजणार? पण भाचीच्या फडताळात तुर्की दुकानातल्या दह्याच्या किलो-किलोच्या बादल्या ओळीने मांडलेल्या आहेत. एकीत भाजणी, एकीत मेतकूट, एकीत दाण्याचं कूट. गणपतीत त्यातली एक मोदक घेऊन दुसऱ्या मराठी घरी गेली, ती चकल्या घेऊन परत आली. हिशेबात या सगळ्या बादल्या विकत घेतल्या त्याच वर्षी कचरा होऊन गेल्या आहेत.

मी निघताना तिने आईसाठी, म्हणजे माझ्या ताईसाठी, एक बादली भरून बिस्किटं दिली. नोव्हेंबर २०२६पासून युरोपातून आपल्यासारख्या देशांत प्लास्टिकचा कचरा पाठवायला बंदी येते आहे. त्याआधीच हा माल पुण्यात उतरला, विमानतळावर कुणी हटकलं नाही. ताईने बिस्किटं लगेच स्टीलच्या डब्यात काढून घेतली, बादलीचं झाकण दोनदा लावून पाहिलं आणि म्हणाली, “हवाबंद आहे रे! अजून दोन नाही का आणायच्यास?”