न बघता दार उघडणाऱ्या साहेबांना

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही. शोधायलाही गेलो नाही. तुम्हीही मला ओळखणार नाही, कारण तुम्ही माझ्याकडं पाहिलंच नाहीत. दार उघडण्याआधी मागं पाहिलं नाहीत, आणि उघडल्यावर पाहिलंत ते दाराकडं. त्याच्या कडेचा रंग खरवडला होता, त्यावर तुम्ही बोट फिरवत होतात. मी तेव्हा तीन हातांवर उजव्या कुशीला पडलो होतो आणि पाय मोटारसायकलखाली अडकला होता.

मग तुम्ही वळलात आणि म्हणालात, "अहो, जरा बघून चालवायचं ना!"

उत्तर द्यायला त्या वेळी माझ्या छातीत श्वास नव्हता. आज चार महिन्यांनी देतो आहे.

जूनचा पहिला सोमवार होता. साताऱ्यात राजपथावर, मोती चौकाच्या अलीकडं, तुमची पांढरी गाडी डाव्या कडेला उभी होती. माझा वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास असेल, त्याहून जास्त त्या रस्त्यावर जमतही नाही. पंचवीसच्या वेगाला मोटारसायकल एका सेकंदात सात मीटर जाते. तुमचं दार उघडलं तेव्हा मी जेमतेम दोन मीटरवर होतो. म्हणजे डोळ्यांनी पाहायचं, मेंदूला कळवायचं आणि हातापायांनी ब्रेक दाबायचा, या सगळ्यासाठी तुम्ही मला एका सेकंदाचा तिसरा भागसुद्धा दिला नाहीत. धडधाकट तरुणालाही एवढ्या वेळात ब्रेकपर्यंत पोचता येत नाही. मी बघूनच चालवत होतो, साहेब. बंद दार बघत होतो.

दाराची कड डाव्या गुडघ्याखाली बसली. नडगीच्या हाडाचं वरचं टोक फुटलं, तिथं आता प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. पडताना उजव्या खांद्याचं हासळीचं हाड मोडलं. हेल्मेटला कानामागं बोटभर तडा गेला. हेल्मेटमुळं डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं जगभरच्या अभ्यासांची छाननी करून संशोधकांनी सांगितलेलं आहे. माझ्या बाबतीत मोजमाप सोपं आहे: तो तडा डोक्याला गेला नाही, म्हणून हे पत्र लिहिलं जातं आहे. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, म्हणूनही. त्यानं बघून चालवलं होतं.

तुम्ही "गाडी जरा बाजूला घेतो" म्हणालात आणि परत आला नाहीत. मला रिक्षात घातलं ते फळं विकणाऱ्या एका मावशींनी आणि कॉलेजच्या दोन पोरांनी. त्या पोरांना पोलिसांची भीती वाटत होती, तरी ती थांबली. अशा मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १३४-अ हे कलम आलं. त्याच्याच आधीचं १३४ वं कलम तुमच्यासाठी आहे. जखमीला दवाखान्यात पोचवायची व्यवस्था करणं आणि २४ तासांत पोलिसांना कळवणं, हे गाडी चालवणाऱ्याचं काम आहे असं ते सांगतं. तुमचं ते काम फळवाल्या मावशींनी केलं, आणि त्या दिवशीचे त्यांचे आंबे गाड्यावर तसेच राहिले.

पण हाडांसाठी मी हे पत्र लिहीत नाही. हाडं जुळतात. त्या दिवसापासून घरीदारी मला एकच प्रश्न विचारला जातो आहे, त्यासाठी लिहितो आहे. बायको विचारते, पुण्याहून मुलगी फोनवर विचारते, मेहुणे विचारतात, प्लास्टर काढणारा कंपाउंडरही विचारतो: "आता गाडी सोडणार ना?"

या चार महिन्यांत तुम्हाला हा प्रश्न किती जणांनी विचारला? तुमच्या घरी जेवणाच्या पानावर कुणी म्हटलं का, की आता वय झालं, नजर राहत नाही, गाडी सोडा? दार तुम्ही उघडलंत. सोडायचं मात्र मी.

काय सोडायचं, तेही ऐकून घ्या.

मी पशुधन पर्यवेक्षक आहे. वय ५७, नोकरीचं एक वर्ष उरलं आहे. १९९१ साली लागलो तेव्हा जुनी राजदूत होती, मग स्प्लेंडर, आणि आत्ताची स्प्लेंडर ही तिसरी गाडी. चौतीस वर्षं जावळीच्या आणि महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्या मी मोटारसायकलवरून केल्या. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण रात्री अडीचला गोठ्यात उभं राहिल्यावर ते सांगत बसत नाही.

गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी रेतन करावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं तर वेळ निघून गेलेली असते. तो माज फुकट गेला की पुढचा येतो एकवीस दिवसांनी. ज्याच्या दारात एकच गाय आहे त्याच्या घरचं दूध तेवढं लांबतं. रेतनाच्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या असतात. ते भांडं मागं बांधून केळघर घाटाच्या आडरस्त्यांनी वर जायचं, तर भांडं कलंडू द्यायचं नाही आणि वेळही चुकवायची नाही. जिथं डांबर संपतं तिथं जीप थांबते, एसटी तर त्याच्याही आधी. मोटारसायकल पुढं जाते, अगदी दगडांच्या पायवाटेनं, गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत.

पाच वर्षं माझी नेमणूक कोयनेच्या पाण्याकडच्या भागात होती. तापोळ्याला तराफ्यावर गाडी चढवायची, पलीकडं उतरायचं आणि कांदाटी खोऱ्यात शिरायचं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा लसीची पेटी बर्फात ठेवून दिवसाला आठ-आठ वाड्या केल्या. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, एवढंच डोक्यात असायचं.

एका ऑगस्टची रात्र तुम्हाला सांगतो. पाऊस असा की हेडलाइटचा उजेड चार हातांपुढं जाईना. फोन आला होता, "डाक्टर, गाय आडलीया. दोन पाय भाईर हायती आन् मुंडकं घावंना." पोचलो तेव्हा वासराची मान मागं वळलेली होती. खांद्यापर्यंत हात आत घालून वासरू मागं ढकलायचं, मान सरळ करायची, पुढच्या पायांना दोरी लावायची आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं. पाऊण तास गेला. वासरू खाली आलं, नाकातला चिकटा काढला, आणि त्यानं फुरफुर केलं. त्या घरच्या म्हातारीनं माझा हात धुवायला स्वतःच्या अंघोळीचं तापवलेलं पाणी दिलं. तो हा उजवा हात, साहेब. तुमच्या दारामुळं ज्याच्या खांद्याचं हाड मोडलं, तोच. आज तो कानाच्या वर जात नाही.

कामापलीकडचंही एक आहे. माझ्या मुलीला ते चैन वाटतं, मला वाटत नाही. पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासकडं निघालं की तिसऱ्या वळणावर अंगाला गारवा लागतो. पावसाळ्याच्या शेवटाला ओल्या गवताचा वास येतो, आणि कुठं धुराचा वास आला की वस्ती जवळ आल्याचं कळतं. चौतीस वर्षांत मी हा मुलूख नाकानं आणि कातडीनं ओळखायला शिकलो. काच वर करून बसलेल्या माणसाला हा मुलूख फक्त दिसतो.

तरीही लोक विचारतात ते वेडेपणानं विचारत नाहीत, हे मला मान्य आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली जवळपास पंचेचाळीस. मुलीनं हे आकडे मला वाचून दाखवले आणि पुढं बोलू शकली नाही. फोनच्या त्या टोकाचं तिचं गप्प राहणं मी अजून विसरलेलो नाही. पण या आकड्यांवरून "दुचाकी धोक्याची" एवढाच निष्कर्ष काढून जे थांबतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. धोका दुचाकीच्या टाकीत भरलेला नसतो. बराचसा तो शेजारच्या गाडीत, तुमच्या आसनावर बसलेला असतो.

माझी चूकही सांगतो. उभ्या गाड्यांच्या ओळीपासून दाराच्या रुंदीइतकं, मीटरभर तरी, अंतर ठेवून जावं. नव्या पोरांना मी हेच शिकवतो. त्या दिवशी ते अंतर मी ठेवलं नव्हतं. राजपथावर मीटरभर उजवीकडं सरकायचं म्हणजे मागून हॉर्न वाजवणाऱ्यांच्या पुढ्यात यायचं, म्हणून मी कडेला राहिलो. माझ्या वाटणीची चूक एवढी. बाकीची तुमची, आणि ती माझ्या नावावर चढवून घ्यायला मी तयार नाही.

गेल्या महिन्यात मी स्वतःची तपासणी करून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड फाकतो तो त्यामुळंच. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं की रात्रीची गाडी बंद. अडलेल्या गाईचा फोन आला तर आमचा तरुण सहकारी जाईल, आणि मी फोनवर त्याच्याबरोबर जागा राहीन. हे ठरवताना डोळ्यांत पाणी आलं. पण तो निर्णय माझा आहे. माझ्या डोळ्यामुळं, माझ्या वयामुळं, मी घेतलेला. त्यात तुमचा काडीचाही वाटा नाही.

दिवसाचं अजून ठरायचं आहे. मोटारसायकल थांबवताना डावा पाय जमिनीवर टेकावा लागतो, आणि एकशेदहा किलोची गाडी कलली तर त्याच पायानं सावरावी लागते. फिजिओथेरपीची मुलगी रोज सकाळी सातला येते आणि गुडघा वाकवते. तेव्हा तुमची आठवण होते, न चुकता. नव्वद अंशांपर्यंत आला आहे. तो पूर्ण वाकला आणि भार पेलू लागला की दूध डेअरीच्या मोकळ्या पटांगणात मी गाडी काढणार आहे. चाळीसच्या वेगावरून एकदम थांबवून बघायची, एका जागी वळवून बघायची, उतारावर मध्येच उभी करून बघायची. जमलं तर चालवीन. तीनदा चुकलो तर त्याच आठवड्यात विकून टाकीन आणि कुणाला दोष देणार नाही. तोवर गिऱ्हाइकाला घरी आणू नका, असं मी मेहुण्यांना सांगितलं आहे. मला गाडी सोडायचीच असेल तर ती गुडघ्यानं सोडवावी, डोळ्यानं सोडवावी. तुमच्या दारानं सोडवलेली मला चालणार नाही.

तुमच्याकडून मला पैसे नकोत. एक गोष्ट हवी आहे, आणि तिला खर्च नाही. दार डाव्या हातानं उघडत जा. तुम्ही उजवीकडं बसता, दाराची मूठ उजव्या हाताला असते, म्हणून उजवा हात आपोआप तिकडं जातो आणि मान समोरच राहते. डावा हात आडवा नेला की खांदा फिरतो, खांद्याबरोबर मान फिरते, आणि नजर आरशावर आणि मागच्या रस्त्यावर जाते. नेदरलँड्समध्ये दारापासून लांबच्या हातानं दार उघडायची ही सवय गाडी शिकतानाच लावतात. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ पासून ती लिहिलेली आहे. पोरांना मागं बसवता तेव्हा त्यांनाही शिकवा. पोरं दोन दिवसांत शिकतात.

परवा भाचा मला त्याच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला. पाय लांब करता यावा म्हणून मी मागं, उजव्या बाजूला बसलो होतो. गाडी थांबली आणि माझा उजवा हात मुठीकडं गेला. मी तो मागं घेतला, डावा हात आडवा नेला, आणि मान वळली. मागून एक पोरगा मोटारसायकलला दोन्हीकडं दुधाच्या किटल्या अडकवून येत होता, उभ्या गाड्यांना अगदी खेटून, माझ्यासारखाच. मी थांबलो. तो काचेजवळून पुढं गेला, किटल्या वाजवत. दाराच्या आत कुणी बसलं आहे, हे त्याला कळलंही नाही.