स्क्रू-ड्रायव्हरचे वैभव

लहान पेट्रोल इंजिनावर उडणाऱ्या विमानप्रतिकृतींच्या जगात, हवेत इंजिन बंद पडण्यामागे बहुधा इंधनपुरवठ्याचा दोष असतो हे सर्वमान्य असले, तरी तो दोष आपल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाशीच सापडणार, ही श्रद्धा त्याहून अधिक सर्वमान्य आहे. आणि प्रस्तुत लेखकाची गणना या श्रद्धावंतांत, किंबहुना त्यांच्या पुरोहितवर्गात करावी लागते. कार्ब्युरेटरला दोन सुया असतात, म्हणजे मंद आणि तीव्र गतीला पेट्रोल किती जावे हे ठरवणारे दोन बारीक स्क्रू. ते फिरवले की आवाज बदलतो, आणि आवाज बदलताना मान किंचित कलती ठेवली की मैदानावरची पोरे आदराने दोन पावले मागे सरकतात.

वास्तविक या कार्ब्युरेटरची खरी करामत सुयांत नसून पडद्यांत आहे, आणि त्याविषयीचे विषयांतर क्षम्य मानावे. वॉलब्रो कंपनीच्या बनावटीसारख्या, लाकूडतोडीच्या यांत्रिक करवतींतही आढळणाऱ्या या कार्ब्युरेटरात फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा भाग, नसतो, कारण उलट्या विमानात त्याचा भरवसा धरता येत नाही; त्याऐवजी पिस्टनखालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, क्षणोक्षणी चढणारा-उतरणारा दाब एका पातळ पडद्याला हलवतो व तो टाकीतून पेट्रोल ओढतो, तर दुसरा पडदा, ज्याच्या पाठीशी झाकणाच्या भोकातून आलेली बाहेरची हवा असते, इंजिनाच्या शोषणाने आत झुकून इवल्या तरफेने झडप उघडतो. त्या भोकावर उड्डाणातला वारा नको तसा आदळला, तर जमिनीवर गुणी ठरलेले इंजिन आकाशात गुण उधळते. शिवाय आत एक बारीक जाळी असते. ती कचऱ्याने भरली आहे की नाही, हे चाळिशी लावून उजेडात पाहण्यात जो परमानंद आहे, तो घरच्या मंडळींना आजवर पटवता आलेला नाही.

पंपावर आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने या पडद्यांची काळजी वाढवली आहे, कारण इथेनॉल ओलावा धरते आणि त्यात मुरलेले पडदे ताठ होऊ शकतात. महाराष्ट्राच्या उसाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले याचे समाधान आहेच; विमान त्याच उसाच्या फडात उतरले की हे समाधान थोडे कमी होते.

टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या नळीकडे मात्र कोणी पाहत नाही. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनाची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते, पेट्रोलसाठीची नळीही कालांतराने कडक होऊन टोकाशी चिरते, आणि मग भोक पडलेल्या स्ट्रॉने शहाळे प्यावे तसे इंजिन पेट्रोलाबरोबर हवा ओढू लागते, मिश्रण विरळ होते, आणि सरळ वर चढताना आवाज एकाएकी तुटतो. त्या वेळी रिमोट धरलेला मनुष्य प्रेक्षकांना विसरतो. कित्येक महिने खपून, कडेकडेने घासून बनवलेली ती वस्तू कुठे का होईना, पण मोडू नये, एवढेच त्याला हवे असते, आणि हा त्याच्या साऱ्या छंदातला बहुधा सर्वांत प्रामाणिक क्षण असतो.

विमान वाचले, तर घरी गुपचूप नळी बदलली जाते, पुढच्या रविवारी इंजिन खणखणीत वाजते, आणि काय केलेत म्हणून कोणी विचारलेच, तर उत्तर मिळते, "काही नाही, सुई जराशी फिरवली."