हेल्म्सबुवांचा हट्ट

“अण्णा, चार काड्या कढीपत्ता तोडू का?”

“तोडा की वहिनी, फांदी तुमच्याच बाजूला झुकलीये. मी आपला अमेरिकेचं वाचत होतो. त्यांची ती मदत वाटणारी संस्था, यूएसएड, 2025च्या 1 जुलैला परराष्ट्र खात्याच्या पोटात गेली ना!”

“ते ट्रम्पचं काम.”

“अहो, दुखणं जुनं आहे! जेसी हेल्म्स नावाचा एक सिनेटर होता, नॉर्थ कॅरोलिनाचा. 1995मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीचा अध्यक्ष झाला आणि हटूनच बसला. शस्त्रनियंत्रणवाले, माहिती खातंवाले आणि हे यूएसएडवाले, तिघांच्या वेगळ्या चुली मोडा म्हणे. ऐकेनात, तर यानं राजदूतांच्या नेमणुकाच अडवून धरल्या.”

“अगोबाई! मग?”

“विधेयक पास झालं, तर 1996मध्ये तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. पुढच्या वर्षी मॅडेलिन ऑलब्राइट परराष्ट्रमंत्री झाल्या. बाई हुशार! थेट म्हाताऱ्याच्या गावाकडे गेल्या, भाषण दिलं, वर टी-शर्ट भेट दिला. त्यावर काय लिहिलेलं, तर परराष्ट्र खात्यात माझ्यावर प्रेम करणारं कुणीतरी आहे!”

“इश्श! मंत्रीण असून?”

“तिला रासायनिक अस्त्रांचा करार मंजूर करून घ्यायचा होता. म्हातारा तो दाबून बसलेला. एप्रिल 1997मध्ये क्लिंटननी खाती एकत्र करायला होकार भरला आणि करार मतदानाला आला. यानं मत मात्र विरोधातच दिलं हं!”

“वस्ताद दिसतोय.”

“ऑक्टोबर 1998मध्ये खर्चाच्या भल्याथोरल्या विधेयकात घुसवून कायदा झाला. 1999च्या एप्रिलमध्ये शस्त्रनियंत्रणवाल्यांची पाटी उतरली, ऑक्टोबरमध्ये माहिती खात्याची. व्हॉइस ऑफ अमेरिका तेवढं वेगळ्या मंडळाकडे गेलं, बातम्यांवर मुत्सद्द्यांचा हात नको म्हणून.”

“माहिती खातं म्हणजे पत्रकं वाटणारे?”

“पत्रकं काय! न्यू मरीन लाइन्सची अमेरिकन सेंटरची लायब्ररी यांचीच. आम्ही यूसिस म्हणायचो. बँकेतून सुटलं की तिथं. गुळगुळीत कागदाची मासिकं, वर एसी! माझं स्पष्ट मत आहे वहिनी, शस्त्रांचं एक वेळ परराष्ट्र खात्यात भागेल, पण पुस्तकं वाटणारी माणसं फायली हलवणाऱ्यांच्या हाताखाली द्यायला नको होती. मुत्सद्द्याचं लक्ष मंत्र्यांकडे. कॉलेजातल्या पोराला कोण विचारतो?”

“तुम्हाला एसी गेल्याचं दुःख!”

“तेही आहेच.”

“आणि यूएसएड? ती कशी वाचली तेव्हा?”

“थोडक्यात. प्रमुखानं परराष्ट्रमंत्र्यांच्या हाताखाली वागायचं, पण संस्था वेगळी राहील, असं त्याच कायद्यात लिहून ठेवलं. गंमत पुढेच आहे. 2025मध्ये ते कलम बदलायला नवा कायदा झालाच नाही. प्रशासनानं परस्पर गाशा गुंडाळला.”

“म्हणजे त्या म्हाताऱ्यानं निदान भांडून, मतं मिळवून तरी केलं म्हणायचं!”

“हो ना. आणि त्याला जे तेव्हा साधलं नाही, ते यांनी कायद्याशिवाय साधलं. तो 2008मध्येच गेला. 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी.”

“पाहायला नाही मिळालं बिचाऱ्याला.”

“बिचारा कसला वहिनी! राजदूतांना ताटकळत ठेवणारा माणूस तो. कढीपत्ता पुरे ना? की अख्खी फांदीच नेताय?”