पहिला पेला फुकट

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काढतात. पेला रिकामा करा, पैसे टेकवा, मिशा पुसा, चालू पडा. सॉफ्टवेअरवाल्यांच्या लेखी हा निव्वळ अडाणी धंदा! तिथला शहाणा पहिला पेला फुकट पाजेल, कार्डाचा नंबर लिहून घेईल आणि रतीब बंद करायचं बटण गोठ्यामागे फिकट अक्षरांत लपवेल. सापडलंच, तर विचारेल, ‘म्हणजे तुम्हाला तब्येतीची काळजी नाही?’

असल्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावं दिली: खोटी घाई, गुपचूप टोपलीत सरकवलेला माल, वर्गणीचा सापळा वगैरे १३ प्रकार. पुढे जून २०२५मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं, की तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करा. परीक्षार्थीच परीक्षक झाल्यावर निकालाची चिंता कुणाला? नापास व्हायला कंपन्या काही खुळ्या नाहीत.

तेव्हा भावा, ‘सुरू करा’वर बोट ठेवण्याआधी ‘बंद करा’ कुठे आहे, तेवढं बघून ठेव.