साडेबारा हजार किलोमीटरची संकष्टी

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. हा हिशेब मांडणारा माणूस पुण्याहून टॅक्सीने सहारला कधी आलेला नसावा. अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. पण घाटात एखादा ट्रक आडवा झाला की पाच तासांची निश्चिंती. त्यात विमानतळावर तीन तास आधी हजेरी. म्हणजे विमान जमिनीवर असतानाच आठ तास खर्ची पडतात आणि डब्यातल्या दशम्याही.

विमान उडालं. समोरच्या पडद्यावर ते वरवर सरकू लागलं, तसे शेजारचे साताऱ्याचे काका अस्वस्थ झाले.

"अमेरिका पश्चिमेला ना? मग हा उत्तर ध्रुवाकडं कुठं निघालाय?"

मी सांगितलं, नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा, तो उत्तरेकडूनच जातो. तीच जवळची वाट. मधल्या एखाद्या देशानं आपलं आकाश बंद केलं, तर मात्र वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

"म्हणजे भावकीतल्या बांधासारखंच!" काकांना एकदम पटलं.

केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तितकी विरळ ठेवतात. कळसूबाई सुमारे 5,400 फूट. थोडक्यात, गुडघा पुढच्या खुर्चीला टेकवून आपण महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्याही वर बसलेलो असतो. अशा कोरड्या, विरळ हवेत जिभेला चव कमी लागते. काकांनी लसणाची चटणी काढली. काकूंनी मान फिरवली. त्यांची संकष्टी होती.

खरा घोळ इथेच झाला. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. रात्री एकला निघा, सोळा तास उडा, आणि त्याच तारखेला सकाळी साडेसातला उतरा. परतताना सकाळी साडेअकराला निघा, वाऱ्याची साथ मिळून साडेचौदा तासांत मुंबई गाठा, घड्याळात पुन्हा साडेअकराच! फक्त तारीख पुढची.

"चंद्रोदय कुठला धरायचा?" काकूंनी विचारलं.

काकांनी बोटं मोजली. "मुंबईचा धरलास तर तिथं भर दुपारी बाराला जेवशील. न्यूयॉर्कचा धरलास तर आणखी नऊ-दहा तास उपाशी."

काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गणपती घरचा, तर चंद्रही घरचाच."

हवाई सुंदरीनं आणलेलं फळ त्यांनी ठेवून घेतलं, मोदकाचं काय ते लेकीकडे बघू म्हणाल्या आणि झोपी गेल्या.

तेव्हा वाचकहो, लांबच्या विमानाचं तिकीट काढताना किलोमीटर बघा, तास बघा, जमल्यास कडेची खुर्ची मागा. पण आधी कालनिर्णय बघा.