टाचेचा गिअर काढला, गाडी सुखरूप आहे

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

ती. नाना व सौ. आई यांना सा. न.

घरच्या ग्रुपवर परवा जो फोटो आला, त्यात लोखंडी दांडा हातात धरून हसणारे गृहस्थ तुमचेच चिरंजीव. गाडी मोडलेली नाही, अपघातही झालेला नाही. मोटरसायकलचा टाचेचा गिअर त्यांनी आपण होऊन काढला आहे. हे वाचून आईंनी देवापुढचा नारळ परत घ्यायला हरकत नाही.

या प्रकाराचं मूळ रनाळ्याच्या घरात आहे. अंगणातल्या स्प्लेंडरला चारही गिअर पंजाने खाली दाबून पडतात आणि टाच दाबली की गिअर उतरतो. चिरंजीवांची डावी टाच यातच तयार झाली. दोंडाईचाच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, की डोक्याला कळायच्या आत टाच खाली! इथे त्यांनी जुनी रोड किंग घेतली. लांब पल्ल्याची हार्ले, साडेतीनशे किलोहून जड, पाय ठेवायला ऐसपैस फूटबोर्ड. तिलाही पुढे पंजाचा आणि मागे टाचेचा असे दोन दांडे. दांडे बघून चिरंजीवांना माहेरी आल्यासारखं वाटलं.

पण तिची रीत उलटी. पहिला गिअर पंजाने खाली, बाकीचे वर. आणि टाच दाबली की गिअर उतरत नाही, चढतो.

मग व्हायचं ते झालं. लाल सिग्नल दिसला, टाच दबली, आणि थांबायच्या बेतातली गाडी वरच्या गिअरमध्ये जाऊन धडधडू लागली. मागचे लोक हॉर्न वाजवत नाहीत, नुसते बघत राहतात. त्यापेक्षा हॉर्न बरा. मागे बसलेला नातू हेल्मेटच्या आतून ओरडला, ‘‘काय करी ऱ्हायना रे भाऊ!’’ अहिराणीचे धडे त्याला व्हिडिओ कॉलवर कोण देतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नाना म्हणतील, जरा सवय करायची होती. पण नानांच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. काकांच्या येझदीचा गिअर आणि किक एकाच दांड्यावर. एकाच घरात तीन गाड्या आणि तीन पंथ! अमेरिकेत १९७० च्या दशकात सरकारनेच डाव्या पायाला गिअर, उजव्याला ब्रेक असं ठरवून टाकलं. गंमत म्हणजे १९०३ पासून मिलवॉकीत असलेली हार्ले आणि स्प्लेंडरवाली हीरो यांची २०२० मध्ये सोयरीक झाली, २०२३ मध्ये दोघांची एक्स ४४० बाजारात आली. व्याही झाले, तरी स्प्लेंडरने आपली चाल सोडली नाही आणि रोड किंगने आपली.

शेवटी एका रविवारी गॅरेजमध्ये बैठक मारली गेली. नंदुरबारहून मिरचीच्या पुड्यांशेजारी बॅगेत घालून आणलेला पान्यांचा संच मोठ्या अभिमानाने उघडला गेला. सगळे पाने मिलीमीटरचे, गाडीचे बहुतेक बोल्ट इंचाचे. पान्यांना मिरचीचा वास मात्र अजून आहे. चिरंजीव शिंकत शिंकत शेजाऱ्याकडे अ‍ॅलन की मागायला गेले.

काम तसं किरकोळ. दोन्ही दांडे एकाच दातेरी शाफ्टवर बसतात, ज्याचा त्याचा बोल्ट वेगळा. टाचेचा दांडा निघाला की शाफ्टवर रिकामी जागा उरते. तिथे एक छोटा स्पेसर घालायचा, म्हणजे दाते उघडे पडत नाहीत. पंजाचा दांडा आधी होता त्याच कोनात आवळायचा, बोल्टला सुटू नये म्हणून लॉकटाइटचा थेंब लावायचा. एवढ्यासाठी दुपारचं जेवण चार वाजता झालं.

फायदा आहे. फूटबोर्डावर पाय मागेपुढे सरकवता येतो, जाड बूट अडकत नाही, लांबच्या प्रवासात गुडघा आखडत नाही. आणि दाबायला दांडाच नाही म्हटल्यावर टाच निमूट बसते. तोटा एकच: प्रत्येक गिअर आता पंजा दांड्याखाली घालून उचलावा लागतो. आईंनी दिलेल्या काळ्या बुटांपैकी डाव्यावर त्याचा चट्टा पडलाय. त्याचा फोटो ग्रुपवर येणार नाही.

आता महत्त्वाचं. येत्या कॉलवर चिरंजीव नानांना स्प्लेंडरचाही टाचेचा दांडा काढायला सांगतील. ऐकू नका. तिथे पुढचा-मागचा दांडा अखंड आहे, करवतीशिवाय निघायचा नाही. शिवाय तो गेला तर प्रत्येक गिअर उतरवायला पंजाने लोखंड उचलावं लागेल, आणि नाना गाडी चपलेवर चालवतात. करवत कोणी मागायला आलं, तर काकांकडे दिली आहे म्हणून सांगा.

मिरचीपूड संपत आली आहे. या वेळी पाने पाठवू नयेत.

तुमची,
सूनबाई